चमचाभर विरजण

सुनेचा कॉम्प्युटर सकाळी सुरूच होईना. दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवली आणि मान हलवली. "मशीन धडधाकट झालं, पण आतलं सगळं गेलं." वर्षभर खपून काढलेले वाचनालयाचे नकाशे दुपारी समितीपुढे मांडायचे होते. "सगळ्यावर विरजण पडलं," नवरा पुटपुटला. सासूबाई मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या. सुनेनं शिकवल्यापासून त्या रोज संध्याकाळी, उद्याच्या विरजणाला चमचाभर दही राखावं तसं, तिचं काम एका छोट्या डिस्कमध्ये उतरवून ठेवायच्या. "आई, हे काय खूळ?" लेक हसायचा. फडताळातली ती डिस्क अलगद पुसून त्यांनी जोडली. माहेरी आलेल्या लेकींसारखे नकाशे एकेक करून परतले. सून मैत्रिणीला फोनवर मुद्दाम मोठ्यानं सांगू लागली, "अगं, माझ्या सासूबाईंनी राखलं होतं!" सासूबाई ताठ मानेनं लेकाकडे वळल्या. "अरे, विरजण पडलं म्हणूनच दही लागलं, राजा!"