कुंपणापलीकडचे टोमॅटो

शेजाऱ्याशी कुंपणाच्या जागेवरून माझं हाडवैर. त्याच्या मळ्यातलं पानही घरात येता कामा नये, असं मी बायकोला बजावलं होतं. ती मोठ्या बाजारातून टोमॅटो आणते म्हणायची आणि मी बोटं चाटत जेवायचो.

ती गेल्यापासून त्याच बाजारातून मीच आणतो. लांबून ट्रकने आलेले, दिसायला देखणे, चवीला चोथा. आज वैतागून सगळे कुंपणापलीकडे भिरकावले.

"आपला कचरा आपल्या दारात ठेवा!" शेजारी खेकसला आणि एक पिशवी माझ्या अंगावर फेकली. बायकोने शिवलेली कापडी पिशवी. आत नुकतेच तोडलेले टोमॅटो.

 

"तुम्हाला नाही देत. वहिनींची पिशवी रिकामी पाठवायची सवय नाही मला."