थेंब की सुई

“थेंब घेणार की इंजेक्शन?” नर्सने विचारलं आणि मावशींच्या जिवात जीव आला. थेंबही चालतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळपासून त्या सुईच्या धास्तीत होत्या त्या उगाचच. सगळा जन्म शिवणयंत्रापुढे गेलेला. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय म्हणून शिवलं. सुई बोटात घुसली तर बोट क्षणभर तोंडात धरून पुढचा टाका घालणारी ही बाई. पण तीच सुई दुसऱ्याच्या हातात दिसली की हातपाय गार पडत.

“थेंबच द्या हो,” त्या म्हणाल्या. “तेवढे उपकार करा.”

नर्स हसली. मावशी मुलाकडे परदेशी निघाल्या होत्या. वाटेत जिथे विमान बदलायचं होतं, तिथे पोलिओची लस घेतल्याशिवाय पाऊल ठेवू देत नव्हते. म्हणून हा दवाखाना. नर्सने आपलं रोजचं पाठ असलेलं सगळं सांगितलं. पाणी उकळलेलं प्या, विमानात एका जागी बसून राहू नका, रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. मग तिने विचारलं, जिथे उतरणार त्या घरात कोणी आजारी नाही ना? थेंबांतलं औषध जिवंत असतं, घेतल्यावर काही आठवडे ते पोटातून बाहेर पडत राहतं. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पण कोणाला मोठं दुखणं असेल, अंगातली ताकद गेलेली असेल, तर त्याच्या सोबत राहणाऱ्याला आम्ही थेंब देत नाही.

मावशींना हसूच आलं. “कोणी नाही हो,” त्या म्हणाल्या. घरात होता कोण? एकटा त्यांचा मुलगा, दगड खाऊन पचवणारा. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः मात्र जिने चढायचा.

नर्स म्हणाली, मग थोडं बाहेर बसा. बाटली एकदा उघडली की आजच संपवावी लागते, अजून दोघं-तिघं येऊ देत.

मावशी बाकावर टेकल्या. चार वर्षं हा पोरगा त्यांचं जाणं पुढे ढकलत आला होता. आधी खोली लहान होती, मग रात्रपाळी आली, मग थंडी फार आहे म्हणाला. आणि गेल्या महिन्यात अचानक त्याने स्वतःच तिकीट पाठवलं. ये आणि चांगली सहा महिने राहा, म्हणाला. मावशींनी ते सबंध गल्लीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, नक्कीच पोरीबिरीचं काहीतरी असणार, तुम्हाला दाखवायला बोलावतोय. मावशींनी तिला हसून उडवून लावलं, पण एक नवी साडी घेऊन ठेवली. त्याने मागितलं म्हणजे काय, तर फक्त चार टोप्या. मऊ जुन्या कापडाच्या, शिवण बाहेरच्या बाजूला असलेल्या, आत कुठे टोचता कामा नये. मावशींनी धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली चादर फाडून त्या शिवल्या होत्या.

बसल्या बसल्या त्यांना राहवेना. त्यांनी मुलाला फोन लावला. कामाचा दिवस असूनही त्याने तो लगेच उचलला. मावशींनी त्याला सांगितलं की बघ बाबा, तुझ्यापायी या वयात बाळासारखा ‘आ’ करून थेंब प्यायची वेळ आलीये.

तो हसेल असं त्यांना वाटलं होतं.

“घेतलेस का थेंब?” त्याने विचारलं.

“नाही, बाटली उघडायची आहे अजून.”

“मग नको घेऊस. इंजेक्शन घे.”

मावशी म्हणाल्या, अरे, माझी काय अवस्था होते तुला माहीत नाही का? त्याला चांगलंच माहीत होतं. तापात त्यांना सुई टोचायची असली की शाळकरी वयातही त्यांचा हात धरून तोच उभा राहायचा. मावशींनी सांगून पाहिलं की नर्सबाईंनीच विचारलं, दोन्ही चालतं, काही फरक पडत नाही. नेहमी आईशी हुज्जत घालणारा मुलगा एका शब्दानेही वाद घालत नव्हता.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “माझ्यासाठी घे.”

तेवढ्यात त्याच्यामागून कोणा बाईचा आवाज आला. तिने त्याला तिकडच्या भाषेत काहीतरी विचारलं. मावशींच्या मनात आलं, शेजारीण खरं बोलत होती की काय! मग लोखंडी चाकांचा खडखडाट ऐकू आला आणि त्याने घाईने फोनवर हात ठेवला. मावशींनी मान वर केली. त्यांच्या समोरून एक वॉर्डबॉय औषधांची गाडी ढकलत चालला होता. आवाज तोच, फोनमधून आलेला.

फोनवरचा हात निघाला. विचारायला खूप होतं. मावशींनी विचारलं ते एवढंच की जेवलास का. हो म्हणताना त्याचा आवाज फुटला. बरं, येते मी, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पदराने तोंड पुसलं. आणि भिंतीला हात लावत उठल्या.

आत आणखी दोघं येऊन बसली होती. नर्सच्या हातात थेंबांची बाटली होती. “या मावशी, पहिला नंबर तुमचा,” ती म्हणाली.

मावशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी बाही खांद्यापर्यंत वर सारली.

“मघाशी मी चुकीचं सांगितलं हो,” त्या म्हणाल्या. “घरात आजारी माणूस आहे.”