आशयचं बेट

मुलगा आशय परदेशातल्या एका बेटावर नोकरीला गेल्यापासून आप्पाजी शिकवणीच्या कन्नड मुलांना नकाशात तेवढा ठिपका हमखास दाखवत. आज सकाळी त्याने होडीचा फोटो पाठवला होता: "आप्पा, मित्र आलेत, त्यांना बेट फिरवतोय."

दुपारी टीव्हीवर बातमी आली. त्याच बेटाजवळ पर्यटकांची होडी उलटली होती. आप्पाजी फोन लावत राहिले.

अखेर आशयने उचलला. "घाबरू नका हो, आमची होडी वेगळी. आम्ही किनाऱ्यावर आहोत."

तेवढ्यात त्याच्यामागून आप्पाजींच्याच शहरातल्या बसचा कंडक्टर लोकांना लवकर चढायची घाई करत कन्नडमध्ये ओरडला, "बोम्मसंद्रा, बोम्मसंद्रा! बेग हत्ती!"

आप्पाजींनी टीव्ही बंद केला.



"सरी, बरं बाळा," आप्पाजी डोळे पुसत म्हणाले, "समोरून मार्केटची बस पकड आणि जेवायला घरी ये."