दरोडेखोराचा आवाज

“पुन्हा घ्या,” काचेपलीकडून नटाची बहीण म्हणाली. “दादा हसण्याआधी नाक ओढायचा.”

नकल्याने हेडफोन सारखा केला. समोर पडद्यावर दरोडेखोर शवपेटीत डोळे मिटून पडला होता. त्याचा डाव झकास होता. आपण मेल्याची आवई उठवायची, गाव आपल्याला पुरायला माळावर जमलं की साथीदारांनी मागे बँक धुऊन न्यायची. पण गावाला आनंदच इतका झाला, की लोक बँड घेऊन आले आणि खड्डा दुप्पट खोल खणला. मग पेटीतून आवाज येतो, “अहो, जरा दमानं! मी अजून पुरता मेलो नाही!”

सिनेमा हसवायचा होता. पण दरोडेखोर झालेला नट डबिंगआधीच खरोखर गेला, झोपेत. आता ओठ त्याचे हलत होते आणि आवाज नकल्याचा निघत होता. पुढाऱ्यांची, मास्तरांची, कोंबड्यांची नक्कल करून त्याने जन्म काढला होता. पण हे काम त्याला खात होतं. परवा घरी त्याने त्याच आवाजात चहा मागितला, तर बायकोच्या हातून कप सुटला.

त्याने नाक ओढलं, हसला, वाक्य म्हटलं. पलीकडे बहिणीने तोंडावर हात दाबून धरला.

“हुबेहूब दादा,” ती म्हणाली.

बाहेर येताच तिने त्याला गाठलं. “अजून एक काम आहे. सिनेमाचं नाही. आमच्या आईला सांगितलेलं नाही. ती मावशीकडे असते, तिला दिसत नाही, काळीज नाजूक झालंय. दादा लांब शूटिंगला गेलाय अशी थाप मारली मी. खरं कळलं तर तीही जाईल हो.”

“विचारत असतील की त्या.”

“तेवढं नशीब. महिनाभरात एकदाही विचारलं नाही. रुसली असेल. पण कधीतरी विचारेलच ना?”

“ताई, मेलेल्याचा आवाज काढून आईला फसवायचं? पाप आहे हे,” नकल्या म्हणाला. पण तिच्याकडे बघून त्याला नाही म्हणवेना.

तिने फोन लावला. “आई, दादा आलाय बघ. बोल.” फोन त्याच्या हातात देऊन ती त्याचा चेहरा निरखत उभी राहिली.

नकल्याने तिने शिकवल्याप्रमाणे नाक ओढलं. “काय म्हातारे, बरी आहेस ना?” आणि तो हसला.

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

“आत्ता आठवण झाली होय रे?” म्हातारी म्हणाली.

नकल्याने मान हलवली तशी बहिणीने हुश्श केलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

“ती शेजारीच आहे का?” म्हातारीने हळूच विचारलं.

“हो.”

“मग ऐक. तू कोण आहेस मला माहीत नाही, बाळा. माझा मुलगा गेला ते मला त्याच दिवशी कळलं. पण मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस, पोर त्या एवढ्याच आधारावर उभी आहे. आता हस पाहू, त्याच्यासारखा.”