तोंडातले रुमाल

बोलपट तेव्हा नवे होते. हॉलीवूडमध्ये आमच्या नाचगाण्यांच्या विनोदी बोलपटाचं चित्रीकरण चाललं होतं. कुणी हसलं तर तेही मायक्रोफोनमध्ये जायचं, म्हणून आम्हा सेटवरच्या कामगारांना तोंडात रुमाल कोंबायचा हुकूम होता.

रंगभूमी कायमची सोडून आलेला विनोदी नट ऑर्विल या बोलपटात जाड्या बायकांवर शिळे, ओंगळ विनोद करायचा. मला ओकारी यायची. रुमाल होता म्हणून निभावलं. "मराल रे लेको, हसू दाबून दाबून!" म्हणत तो खूश व्हायचा.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. लोकांना हसता यावं म्हणून पडद्यावरचा ऑर्विल प्रत्येक विनोदानंतर थांबायचा आणि नुसताच उभा दिसायचा. कुणी हूं की चूं केलं नाही.


शेवटी प्रेक्षकांत खुर्चीवर बसलेला ऑर्विल उठून ओरडला, "अहो, काढा ते रुमाल! इथे हसलेलं चालतं!"