पत्र्याच्या टाकीतली टकटक

क्वीन्सलंडच्या आमच्या गावात उष्णतेच्या लाटेचा तो अकरावा दिवस. पाण्याचा टँकर फिरकला नव्हता आणि घरात माझा नवरा क्लेम तापाने फणफणला होता.

मी अंगणातली पत्र्याची टाकी बोटांनी वरून खाली ठोकत आले. लहानपणी बाबा असंच पाणी पाहायचे. पाणी असेल तिथे आवाज बसका यायचा, आणि आम्ही बहिणी त्या गार पत्र्याला गाल लावून उभ्या राहायचो. आज तळापर्यंत पोकळच आवाज आला.

"डल्सी, ठोकून पाणी वाढतं होय गं?" क्लेम खिडकीतून म्हणाला. "घोटभर तरी आण."

"आणते. तू गप्प पड बघू आधी!"

तेवढ्यात टाकीच्या आतून टकटक झाली.

वरून सुरू होऊन ती वीत वीत खाली आली, अगदी सावकाश. आतलं कुणीतरी बाहेर काय उरलंय ते पाहत होतं. माझ्या तोंडासमोरून, छातीसमोरून ती गेली आणि बरोबर तोटीमागे थांबली.

"डल्सी..." क्लेमचा आवाज आता जेमतेम पोचत होता.

मी तोटीखाली भांडं धरलं आणि तोटी सोडली.