राहून गेलं

मुखपृष्ठावर नाव एकच होतं. धाकटीने पुस्तक उलटं करून मागे बघितलं, आतल्या पानावर बघितलं, शेवटी छापखान्याचा पत्ता असतो त्या बारीक अक्षरांतही चष्मा लावून शोधलं. थोरल्या बहिणीचं नाव तीन ठिकाणी होतं. छापखान्याचंसुद्धा होतं. बावन्न चित्रं काढणारीचं कुठेच नव्हतं.

"अगं, राहून गेलं बघ," थोरली म्हणाली. "घाईघाईत होतं असं. पुढच्या आवृत्तीत घालू. जिवाला लावून घेऊ नकोस, छोटे."

मुलांसाठी ग्रीक पुराणकथांची पहिली ओळख, पानोपानी चित्रं. शब्द थोरलीचे, चित्रं धाकटीची, हे तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ठरलं होतं. धाकटीने जन्मभर साबणाच्या आणि औषधांच्या खोक्यांवर पानंफुलं काढली. खोक्यावर चित्रकाराचं नाव कोण घालतो? पुस्तकावर मात्र घालतात. साठाव्या वर्षी का होईना, आपलं नाव एकदा छापलेलं बघायचं, एवढीच तिची हौस होती. म्हणून तिने मेडुसाच्या डोक्यावरचा एकेक साप निराळ्या स्वभावाचा काढला; त्यातला एक तर जांभई देत होता. शहाणपणाची देवी अथेना, तिला तिने थोरलीचं नाक दिलं. शहाणं नाक म्हटल्यावर तिला दुसरं कुणाचं सुचलंच नसतं.

त्यामुळे तिने विश्वास ठेवला. राहून गेलं असेल. माणसांच्या हातून राहतं.

तीन वर्षांत दोघींचा वाद झाला तो एकदाच, अरिआड्नीवरून. या राजकन्येने थीसियसला सुताचा गुंडा दिला, म्हणून तो भुलभुलैयातून जिवंत बाहेर पडला. मग तिला घेऊन तो जहाजाने निघाला. वाटेत एका बेटावर ती झोपली आणि हा तिला तिथेच टाकून चालता झाला. थोरलीने लिहिलं, 'तिला गाढ झोप लागली आणि ती बेटावर राहून गेली.'

"राहून कशी गेली, ताई? छत्री राहून जाते. डबा राहून जातो. त्याने तिला टाकलं."

"मुलांचं पुस्तक आहे गं. माणसं अशी वागतात हे त्यांना इतक्यात कशाला सांगायचं?"

धाकटीच्या चित्रात थीसियस जहाजावरून मागे वळून तिच्याकडे बघत होता. थोरलीने तेही बदलायला लावलं. धाकटी कधी काही खोडत नसे. बदल करायचा झाला की त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवायची आणि त्यावर नवं काढायची. तिने थीसियसच्या चेहऱ्यावर तुकडा लावला आणि पाठमोरं डोकं काढलं. आता तो समुद्राकडे बघत होता. बिचारा विसरला असेल, असं कुणालाही वाटावं.

पुस्तक हाती आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती छापखान्यातून आपली मूळ चित्रं घेऊन आली. तिथल्या माणसाने ती रद्दी प्रुफांत नीट गुंडाळून, सुतळीने बांधून दिली होती. घरी येऊन तिने सुतळी सोडली. सगळ्यांत वरचा कागद मुखपृष्ठाच्या शेवटच्या प्रुफाचा निघाला.

त्यावर नावं दोन होती.

दुसऱ्या नावावर हिरव्या शाईची सरळ रेघ होती. पट्टी लावून मारलेली. समासात लिहिलं होतं, 'दोन नावांनी गर्दी होते. हे काढा.' खाली तारीख. लाल शाईला मुलं बिचकतात म्हणून थोरलीने शाळेत पस्तीस वर्षं हिरव्या शाईने वह्या तपासल्या होत्या. ते अक्षर धाकटीने अंधारातही ओळखलं असतं.

तारीखही तिला ओळखीची होती. त्या आठवड्यात ती तापाने फणफणली होती. थोरली सगळं टाकून आली, उशाशी बसली, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. "तू झोप, छोटे. प्रुफं मी बघते," म्हणाली. आणि ती झोपली होती. लहानपणी झोपायची तशी, निर्धास्त.

तिला आधी लाज वाटली, आपण 'राहतं माणसांच्या हातून' म्हणालो याची. मग राग आला. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून माहीत होतं. कापणारीने आधी कपाळावर घडी ठेवलेली असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिने बेटाचं चित्र पुढ्यात ओढलं. पाठमोऱ्या डोक्याच्या कडेला नख घातलं आणि तुकडा हळूच सोडवला. गोंद जुना होता, लगेच सुटला. खाली थीसियस तसाच होता. मान वळवलेला, डोळे टक्क उघडे. झोपलेली ती त्याला स्वच्छ दिसत होती.

फोन वाजला. थोरलीचा होता. दुपारच्या फोनला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"छोटे, झोपली होतीस का गं?"

"होते, ताई," धाकटी म्हणाली. "आत्ता जाग आली."